उंदराला धाप लागली तर?

मी पेडगावहून बोलतोय. आमच्याकडे पाळलेला पांढरा उंदीर आहे, तीळू. आई म्हणते, "लोक उंदीर मारायला पिंजरा आणतात, तू पाळायला आणलास!" पण तीळूची छाती घरघरायला लागली, नाकाला लाल डाग दिसले, तेव्हा तीच आधी घाबरली.

तर तो लाल रंग बहुतेक वेळा रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचं द्रव्य येतं, आजारपणात जास्तच.

खरा गुन्हेगार बहुधा मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जिवाणू. बऱ्याच पाळीव उंदरांत तो लहानपणापासून लपलेला असतो. अमॉक्सिसिलिन जिवाणूची पेशीभिंत बांधू देत नाही. ह्याला भिंतच नाही, मग औषध कशावर चालणार? म्हणून डॉक्टर सहसा डॉक्सिसायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सॅसिन देतात, तेही काही आठवडे. आजार आटोक्यात येतो, मुळासकट जात नाही.

डोस वजनावर ठरतो आणि उंदीर जेमतेम पाव-अर्धा किलोचा! माणसाची गोळी अंदाजाने तोडून देऊ नका. आपल्याकडे परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारा.

घरी काय? मुताचा अमोनिया फुप्फुसांना त्रास देतो, म्हणून पिंजऱ्यातलं कापड रोज बदला. अगरबत्ती, सोयाबीनच्या मळणीची धूळ लांब ठेवा. उंदीर नाकानेच श्वास घेतो. तोंड उघडून धापा टाकत असेल तर सकाळची वाट बघू नका.

तीळू आता खातोय. अधूनमधून शिंकतो, अन् आई लगेच विचारते, "औषध दिलंस का रे?"

भेटू पुढच्या भागात!