जुन्या जिनिंगची नोंद ठेवू या

वऱ्हाडात, खानदेशात बाजारगावाच्या कडेला एखादं उंच धुराडं दिसतं. खाली पत्रे उडालेली लांब शेड, भिंतीत उगवलेला पिंपळ. आपण म्हणतो, ते जुनं जिनिंग. तिथं काय चालायचं, हे सांगणाऱ्या आता थोड्याच उरल्या आहेत.

शेतातल्या कापसातून सरकी वेगळी करायची, म्हणजे जिनिंग. पूर्वी हे काम हातचरकीवर व्हायचं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्या कापसाला मागणी आली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, १८७० साली खामगावला फाटा आला. पुढं वाफेवरची जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली.

बॉयलरच्या वाफेवर इंजिन चाले आणि पट्ट्यांनी जिन फिरत. चामड्याचा रूळ कापसाचे तंतू ओढून घेई, पात्याशी सरकी अडून खाली पडे. १०० किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. गाडीत जागा कमी लागावी म्हणून ती दाबून गाठी बांधतात. आज एक गाठ १७० किलोची धरतात.

या कामावर बाया मोठ्या संख्येनं असत. १८९१ च्या कायद्यानं कारखान्यातल्या बायांचे तास दिवसाला ११ ठरवले. पण वर्षाला चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे हंगामी कारखाने १९११ च्या कायद्यातच आले.

आमच्या गटानं अशा एका जिनिंगची वही केली. एका आजीनं दाराजवळचा कोपरा दाखवला. कामावर असताना ती तिथं बाळाला निजवायची. मजुरीच्या एकाही कागदावर तिचं नाव आम्हाला सापडलं नाही. तो कोपरा आम्ही नकाशात मांडला आणि तिला विचारून शेजारी तिचं नाव लिहिलं.

तुम्हालाही हे जमेल. आधी मालकाची परवानगी घ्या. एकटीनं जाऊ नका. छत, भिंत किंवा जमीन खचलेली असेल, तर बाहेरूनच काम करा. चारही बाजूंनी फोटो काढा. शेजारी एकीला उभं केलं की उंचीचा अंदाज येतो. टेपनं मोजून वहीत कच्चा नकाशा काढा. यंत्रावर, खांबावर ओतलेली अक्षरं आणि साल जसंच्या तसं उतरवा. जुन्या कामगार बायांचं बोलणं त्यांना विचारूनच मोबाइलवर घ्या. सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोला. डोळ्यांनी पाहिलेलं आणि ऐकीव वेगवेगळं लिहा. वहीची एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत ठेवा.

लोखंड भंगारात जाईल, विटा कुणाच्या तरी घराला लागतील. ते आपल्या हातात नाही. पण तिथं राबलेल्या बायांची नावं वहीत आणणं आपल्या हातात आहे. येत्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्यातली कोण तिथं कामाला होती?