रेणूंच्या नाडीवरून विश्वाचा ताप

विश्वाच्या जन्मानंतर सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांनी, तापमान 3,000 केल्व्हिनच्या आसपास उतरल्यावर, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकत्र येऊन हायड्रोजनचे अणू बनले आणि तोवर इलेक्ट्रॉनांवर आदळत अडखळणाऱ्या प्रकाशाला वाट मोकळी झाली. विश्वाच्या प्रसरणाबरोबर तरंगलांबी सुमारे 1,100 पटींनी ताणली गेलेला हाच प्रकाश आज सूक्ष्मतरंगांच्या रूपाने सर्व दिशांनी पृथ्वीवर येतो. त्याला वैश्विक पार्श्वभूमी प्रारण म्हणतात आणि त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या जेमतेम पावणेतीन अंश वर, म्हणजे 2.725 केल्व्हिन आहे. त्याच्या शोधाचे श्रेय आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना दिले जाते, ते रास्तच आहे. मात्र त्यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनातून कबुतरांची घाण काढूनही न हटलेल्या खरखरीची गोष्ट इतकी रंजक आहे, की तिच्यापुढे 24 वर्षे आधीचे एक मोजमाप झाकले गेले.

कॅनडातील व्हिक्टोरिया येथील वेधशाळेत काम करणाऱ्या अँड्र्यू मॅकेलर यांनी 1941 मध्ये भुजंगधारी तारकासमूहातील झीटा या ताऱ्याच्या वर्णपटाचा विचार केला. ताऱ्याचा प्रकाश वाटेतल्या विरळ वायूमधून येताना तेथील सायनोजेनचे रेणू, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजन यांच्या एकेका अणूची जोडी, त्यातला थोडा जांभळा प्रकाश शोषून घेतात. हे रेणू स्वतःभोवती वाटेल त्या वेगाने नव्हे, तर ठरावीक पायऱ्यांनीच फिरू शकतात. न फिरणारे रेणू आणि पहिल्या पायरीवर फिरणारे रेणू किंचित वेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतात, त्यामुळे वर्णपटात शेजारी शेजारी दोन काळ्या रेषा उमटतात आणि त्यांच्या ठळकपणाच्या प्रमाणावरून कोणत्या पायरीवर किती रेणू आहेत ते कळते. फोडणीतली किती मोहरी तडतडून उसळते आणि किती तळाशी स्वस्थ बसते, यावरून तेलाचा ताव ओळखावा, तसाच हा प्रकार. फक्त येथे ताव जवळजवळ नाहीच. मॅकेलर यांचे उत्तर आले 2.3 केल्व्हिन.

अवकाशातील त्या रेणूंना ही ऊब कोण पुरवते, हा प्रश्न मात्र कोणी नेटाने विचारला नाही. राल्फ अल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी गॅमो यांच्या तप्त आरंभाच्या, म्हणजे महास्फोटाच्या, सिद्धांतावरून 1948 मध्ये सुमारे 5 केल्व्हिनचे भाकीत केले, तरी कोणी ते या आकड्याशेजारी ठेवून पाहिले नाही. याहून गमतीची गोष्ट अशी, की हा सिद्धांत न मानणाऱ्या फ्रेड हॉयल यांनी 1950 मधील एका पुस्तक परीक्षणात मॅकेलर यांच्याच मोजमापाचा आधार घेऊन, गॅमो यांच्या सिद्धांतातून निघणारे तापमान यापेक्षा फार जास्त येते, असा आक्षेप घेतला. हातात आलेला पुरावा इतक्या सफाईने उलट बाजूने वापरला गेल्याची उदाहरणे विरळाच.

पेन्झियास आणि विल्सन यांनी मोजलेली तरंगलांबी एकच होती, 7.35 सेंटिमीटर, आणि एका बिंदूवरून आलेखाचा आकार सिद्ध होत नाही. प्रारणाचा जोर जेथे सर्वाधिक, त्या मिलिमीटर तरंगांना हवेतील बाष्प अडवते. पण सायनोजेनची पहिली पायरी नेमकी 2.6 मिलिमीटरच्या तरंगाने चढता येते. म्हणून 1966 मध्ये हे जुने मोजमाप पुन्हा बाहेर काढले गेले आणि आलेखावर आणखी एक भक्कम बिंदू बसला. मॅकेलर मात्र 1960 मध्येच निवर्तले होते. संपूर्ण आलेख 1989 मध्ये सोडलेल्या कोबी उपग्रहाने काढला.

हॉयल यांचे शिष्य जयंत नारळीकर महास्फोटाबद्दल कायम साशंक राहिले, आणि त्यांनी पुण्यात उभारलेल्या आयुका या संस्थेतच रेणूंच्या तापमापकाला पुढची दिशा मिळाली, हा योग हॉयल यांनाही मिश्किल वाटला असता. विश्व प्रसरण पावत निवत गेले असेल, तर पूर्वी ते अधिक उबदार असले पाहिजे. आयुकातील रघुनाथन श्रीआनंद यांनी फ्रान्सच्या पॅट्रिक पेतीजाँ आदी सहकाऱ्यांबरोबर चिलीतील महादुर्बिणीने हीच परीक्षा घेतली. सुमारे 1,100 कोटी वर्षांपूर्वीच्या एका वायुमेघातील कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूंवरून 2008 मध्ये त्यांना मिळालेले तापमान 9.15 केल्व्हिन होते. सिद्धांताने सांगितलेले 9.3.