बाडातला नामा

हिंगोलीहून नरसीला आलं की कयाधूच्या काठावर संत नामदेवांचं गाव लागतं. जन्म १२७०चा, असं परंपरा सांगते. इथे ‘नामदेवांनी लिहिलंय’ असं सहसा कानावर येत नाही. ‘महाराज म्हणतात’ असंच येतं. आणि ते अगदी बरोबर आहे. नामदेवांच्या हातचा कागदाचा कपटाही आज कुठे नाही.

मग अभंग राहिले कुठे? गळ्यात राहिलेच. कागदावर मात्र बरेचसे राहिले ते बाडांत.

बाड म्हणजे पोथी नव्हे. पोथीची पानं सुटी, अक्षर घोटीव, वर रुमाल बांधलेला. तिला हात लावायचा तोही धुऊन. बाड ही शिवलेली वही, काखोटीला मारून कुठेही न्यावी अशी. कीर्तनकाराला, भजनकऱ्याला किंवा नुसत्या हौशी माणसाला जे आवडलं, जे पुन्हा लागेल असं वाटलं, ते त्यानं त्यात उतरवायचं. म्हणून एका पानावर नामदेवांचा अभंग, खाली तुकोबांचा, पान उलटलं की आरती, तिच्या शेजारी एखादं औषध, आणि मधेच कुणाकडून किती येणं आहे त्याचा हिशेब! अक्षर घाईचं, शब्द तोडलेले. लिहिणारा आणि वाचणारा एकच, मग समजावायचं कुणाला? धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात अशी बाडं जपून ठेवली आहेत. मला तर छापील गाथेपेक्षा त्यांचंच अप्रूप जास्त वाटतं. गाथेत अभंग असतो. बाडात तो आवडलेला माणूसही असतो.

अभंगाची एक सोय अशी, की कवीचं नाव शेवटच्या चरणातच गुंफलेलं. वेगळं टिपायला नको. तिकडे पंजाबात १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध झाला, त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत. परंपरेनं त्यांचा काळ १३५०ला संपतो, म्हणजे मधे अडीचशे वर्षं गेली, तरी पदांवर नाव शाबूत.

पण याच सोयीनं घोटाळाही केला. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे कवी झाले. तेही नामा, हेही नामा. बाडवाल्यानं दोघांची पदं एकाखाली एक उतरवली. कुठलं कुणाचं ते त्याला बहुधा ठाऊक असावं, म्हणूनच लिहिलं नसावं. अभ्यासक अजून ती निवडत बसलेत.

टिपलेलं नंतर सापडावं म्हणून जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं एक युक्ती काढली होती, १६८६ साली फ्रेंचमध्ये छापलेली: विषयाच्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यातला पहिला स्वर घ्यायचा, त्यावरून वहीचं पान ठरवायचं. बाराखडी घोकलेल्या माणसाला हे किती सोपं गेलं असतं!

माझ्या वहीत मात्र ना लॉक, ना बाराखडी. वसमतच्या एसटीत कुठलंसं पुस्तक वाचताना उतरवलेली एक ओळ आहे. पुस्तकाचं नाव नाही, पान नाही. मागच्या बाजूला त्या दिवशीचा हळदीचा भाव लिहिलाय. भावावरून साल काढता येईल. ओळ कुणाची, ते काही केल्या निघत नाही.