सही राहिली, गोष्ट गेली

अब्राहम लिंकन आधी वकील होते, हे आपण मुलांना एका वाक्यात सांगून पुढे जातो. पण इलिनॉय राज्यात त्यांनी जवळपास पंचवीस वर्षं वकिली केली. तेव्हा टाइपरायटर नव्हता. दावा, कैफियत, अर्ज, सगळं हातानं लिहायचं. त्यातले कितीतरी दावे साध्या उसनवारीचे!

1865 मध्ये लिंकन यांची हत्या झाली आणि त्यांच्या कागदांना मोल आलं. संग्राहकांपैकी अनेकांना हवी असायची फक्त सही. मग काय, कात्रीनं सही कापून घ्यायची! भांडण कोणाचं, किती डॉलरचं, हे उरलेल्या कागदाबरोबर गेलं.

गंमत बघा, ही सही बऱ्याचदा एकट्या लिंकन यांच्या नावाची नसायचीच. 'लोगन आणि लिंकन', नंतर 'लिंकन आणि हर्नडन', अशी भागीदारीची असायची. त्यामुळे त्यांचा कागद ओळखायचा तो अक्षरावरून. पण अक्षराचीही नक्कल होते. विसाव्या शतकात जोसेफ कोसी नावाच्या माणसानं लिंकन यांचे बनावट कागद विकले. म्हणून जाणता संग्राहक आधी विचारतो, हा कागद आला कुठून? कोर्टाच्या दप्तरातून कोणी उचललेला तर नाही ना?

अभ्यासकांनी पुढे कोर्टाकोर्टांतली दप्तरं धुंडाळली. 5,000 हून जास्त खटल्यांची कागदपत्रं 2000 साली प्रसिद्ध झाली. आता ती इंटरनेटवरही आहेत. अक्षर वळणदार इंग्रजी आहे, मुलांना वेळ लागेल. एखादा कागद उघडा, सही हातानं झाका आणि विचारा, भांडण कशावरून झालं होतं?