पोलादी पत्र्याचे धातुकवच

शाळेची वर्गखोली, समाजमंदिर किंवा गोदाम यांचे छप्पर उभारताना पन्हळी पत्र्याची जाडी आवर्जून पाहिली जाते. त्या पत्र्यावर कोणत्या धातूचा लेप चढविला आहे आणि किती, याची चौकशी मात्र क्वचितच होते. वस्तुतः छपराचे आयुष्य बहुतांशी या लेपावर अवलंबून असते. कोकणातील खाऱ्या वाऱ्यात तर विशेषच.

कल्हई आणि जस्त

वितळलेल्या धातूचा लेप आपणास अपरिचित नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कथलाची कल्हई होते, ती याच पद्धतीने. पोलादी छपरासाठी मात्र जस्त अधिक उपकारक ठरते. स्वच्छ केलेला पत्रा सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या जस्तातून नेला, की दोन्ही बाजूंना लेप बसतो. कथलाच्या लेपाला ओरखडा पडल्यास उघडे लोखंड अधिकच वेगाने गंजते. जस्त मात्र स्वतः झिजून ओरखड्याजवळील पोलादाचे रक्षण करते.

लेपांचे प्रकार

जस्तलेपित पत्र्यासाठी भारतीय मानक आयएस २७७ आहे. ‘२७५’ वर्गाच्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असते. म्हणजे प्रत्येक बाजूस सुमारे २० मायक्रॉन, मिलिमीटरचा पन्नासावा भाग. ‘१२०’ वर्गात ते निम्म्याहूनही कमी असते आणि आयुष्यही त्याच प्रमाणात घटते.

१९७२ पासून बाजारात आलेल्या मिश्रलेपात वजनाने ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त व १.६ टक्के सिलिकॉन असते. छपरावर तो साध्या जस्तापेक्षा बराच अधिक टिकतो. परंतु ओले सिमेंट, तांबे व शिसे यांचा स्पर्श त्यास मानवत नाही; गुरांच्या गोठ्यातही तो टाळावा. जस्तलेपानंतर लगेच तापवून तयार होणारा जस्त-लोह लेप रंग उत्तम धरतो, म्हणून मोटारींसाठी वापरतात. अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनचा लेप उष्णता सोसतो. अलीकडील जस्त-अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम लेप कापलेल्या कडांचे रक्षण अधिक चांगले करतो.

खरेदी करताना

अंदाजपत्रकात व निविदेत पत्र्याच्या जाडीबरोबरच लेपाचा प्रकार आणि दर चौरस मीटरचे वजन अवश्य नमूद करावे; उत्पादकाचे चाचणी प्रमाणपत्र मागावे. पत्र्यांची चळत पावसात भिजू देऊ नये. मध्ये अडकलेल्या पाण्याने जस्तावर पांढरा गंज चढतो. भोके पाडताना पडलेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून टाकावा.

मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाची ही चौकशी वेळीच केली, तर मुलांच्या डोक्यावरील गळते छप्पर आणि पंचायतीवरील दुबार खर्च, दोन्ही टळतील.