खोक्यातला शिवनेरी

स्केल मॉडेलिंग ही बड्या पगारवाल्यांची हॉबी, असं कोण म्हणतं? एक नकाशा, एक कटर आणि ऑनलाइन शॉपिंगची रिकामी खोकी... एवढ्या भांडवलावर जुन्नर-आंबेगाव तुमच्या टेबलावर येऊ शकतं. तेही अगदी मापात!

महिन्याची २० तारीख उलटलीय. ईएमआय कापला गेलाय, क्रेडिट कार्डाचं बिल येऊन पडलंय. आणि तुम्ही लॅपटॉपवर एका स्पिटफायर विमानाच्या मॉडेल किटकडे टक लावून बसलाय. १:७२ स्केल. म्हणजे खरं विमान ७२ पट लहान केलेलं. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा पसारा ११ मीटरहून थोडा जास्त, मॉडेलचा साडेपंधरा सेंटिमीटर. हा ७२चा आकडा आला तरी कुठून? सहा फूट म्हणजे ७२ इंच. त्यामुळे सहा फुटी माणूस या स्केलमध्ये बरोब्बर एक इंचाचा होतो. हिशेबाला सोपं, म्हणून फेमस!

सगळं कसं भन्नाट वाटतं. मग तुम्ही ‘कार्ट’ उघडता. परदेशातून येणारं किट, त्यावर शिपिंग, त्यावर ड्यूटी. शिवाय पेंट वेगळा, ग्लू वेगळा, ब्रश वेगळे, प्लॅस्टिकचे भाग कापायची पक्कड वेगळी. कुणीतरी सांगतं, की एअरब्रशशिवाय मजा नाही, आणि एअरब्रश घेतला की कॉम्प्रेसर आलाच. थोडक्यात काय, तर घोडा स्वस्त आणि नाल महाग!

मग काय, हॉबी कॅन्सल? अजिबात नाही. जरा आठवून बघा, आपल्यापैकी बहुतेकांनी पहिलं मॉडेल कधी केलं होतं? दिवाळीच्या सुट्टीत. चार विटा, गोणपाट, चिखल, वरून गेरू, अळीव पेरलेलं आणि सिंहासनावर महाराज. बजेट? घरातून मागून आणलेलं आणि गल्लीतून ढापलेलं! त्यात फक्त एक गोष्ट नसायची, स्केल. किल्ला अंदाजपंचे दाहोदरसे व्हायचा. बुरुजापेक्षा मावळा उंच आणि मावळ्यापेक्षा वाघ मोठा. त्या किल्ल्याला फूटपट्टी लावली, की झालं तुमचं स्केल मॉडेल. आणि पट्टी लावायचीच तर सुरुवात शिवनेरीपासून का करू नये? पुणे-नाशिक हायवेने वीकेंडला जाऊन संध्याकाळी परत येता येतं. शिवाय २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांमध्ये त्याचा नंबर आहे.

नकाशा फुकट, पुठ्ठा फुकट

प्लॅस्टिकच्या किटमध्ये पैसे कशाचे असतात? कुणीतरी आपल्यासाठी मापं घेऊन ठेवलेली असतात, त्याचे. डोंगराची मापं मात्र सरकारने कधीच घेऊन ठेवली आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवर नोंदणी केली, की १:५०,००० स्केलचे नकाशे मोफत उतरवून घेता येतात. शाळेत भूगोलाच्या पेपरात ज्या ‘समोच्च रेषा’ पाठ केल्या होत्या, त्या इथे कामाला येतात. या नकाशांवर दोन रेषांमधल्या उंचीचा फरक २० मीटर असतो. म्हणजे एक रेष, एक थर. बस्स, एवढंच तत्त्व आहे.

आता घरातली खोकी काढा. मोबाइलपासून मिक्सरपर्यंत सगळं घरपोच मागवणाऱ्या पिढीला पुठ्ठ्याची काय कमी? एका खोक्याचे दहा तुकडे एकावर एक ठेवून पट्टीने मोजा. चार सेंटिमीटर भरले, तर एका पुठ्ठ्याची जाडी चार मिलिमीटर. हे चार मिलिमीटर म्हणजे डोंगराचे २० मीटर. मग स्केल झालं १:५,०००. नकाशा १:५०,०००चा आहे, म्हणजे तो दहा पट मोठा करायचा. झेरॉक्सवाल्याकडे आधी ४०० टक्के आणि मग त्याच कॉपीचे २५० टक्के, की झाला दहा पट.

पुठ्ठा तीन मिलिमीटरचाच निघाला? टेन्शन नाही. जाडी मिलिमीटरमध्ये घ्या आणि तिला अडीचने गुणा. जे उत्तर येईल, तितक्या पट नकाशा मोठा करा. तिनाला साडेसात, चाराला दहा. स्केल १:६,७०० असं विचित्र आलं तरी काही बिघडत नाही. बाजारातली किटं गोल आकड्यांची असतात. आपलं खोकं ठरवेल ते आपलं स्केल!

सहा सेंटिमीटरचा धक्का

शिवनेरीचा डोंगर साधारण दीड किलोमीटर पसरलाय आणि पायथ्यापासून सुमारे ३०० मीटर उठलाय. १:५,०००मध्ये याचा अर्थ, लांबी ३० सेंटिमीटर आणि उंची फक्त सहा. पुठ्ठ्याचे १५ थर. काम दोन वीकेंडचं.

कृती सोपी आहे. पुठ्ठ्यावर कार्बन पेपर, त्यावर मोठा केलेला नकाशा. सगळ्यांत खालच्या रेषेवरून पेन फिरवा आणि कापा. त्याच थरावर पुढची, वरची रेषसुद्धा उमटवून ठेवा, म्हणजे दुसरा थर नेमका कुठे बसवायचा ते कळतं. प्रत्येक पाचवी रेष नकाशावर जाड असते, ती १०० मीटरची. थर मोजताना चुकायला नको म्हणून तिच्यावर पेन्सिलने आकडा टाका. फेव्हिकॉल पातळ हाताने लावा, जास्त ओला झाला की पुठ्ठा पापडासारखा वाकतो. रात्रभर वर जाड पुस्तकं ठेवा. कॉलेजमधल्या इंजिनिअरिंगच्या ठोकळ्यांचा अखेर काहीतरी उपयोग!

सकाळी पुस्तकं उचलली, की पहिला धक्का बसतो. शिवनेरी एवढा बुटका? आपल्या डोक्यातला किल्ला उभाच्या उभा, आभाळात घुसलेला असतो. प्रमाणात केलेला किल्ला पसरट दिसतो. इथे बरेच जण उंची गुपचूप दुप्पट करून टाकतात. करायची तर करा, पण खाली पट्टीवर ‘उंची दुप्पट’ असं लिहा. मापातल्या मॉडेलचा तेवढा एकच धर्म आहे.

पण थांबा. उंची दुप्पट करण्याआधी त्या थरांच्या कडांवरून बोट फिरवून बघा. काही ठिकाणी थर पायऱ्यांसारखे बाहेर येतात. तिथे उतार आहे, तिथे माणूस चढू शकतो. आणि काही ठिकाणी पाच-सहा थरांच्या कडा एकाच रेषेत येऊन सरळ भिंत होते. नकाशावर रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसत होत्या, त्या याच जागा. हाच तो कातळकडा. किल्ल्याची ताकद उंचीत कमी आणि या कड्यात जास्त आहे, हे बोटाला कळतं. मग चढत्या वाटेवर एकामागून एक सात दरवाजे का बांधले, हे कुणी समजावून सांगायला लागत नाही. जिथे कडा आहे तिथे डोंगरच पहारेकरी. जिथे तो नाही तिथे दरवाजे.

अशा जागी १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजीराजांचा जन्म झाला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. जिजाबाईंच्या बाळंतपणासाठी हाच किल्ला का, याचं अर्धं उत्तर त्या पुठ्ठ्याच्या कडेत आहे.

अळीव नको, भुसा हवा

रंगकाम स्वस्तात मस्त होतं. वर्तमानपत्राचा लगदा आणि फेव्हिकॉल यांचा पातळ लेप देऊन थरांच्या पायऱ्या बुजवा, पण कड्याच्या जागी लेप देऊ नका. वाळल्यावर पॉलिश पेपर मारा. काळ्या पोस्टर कलरमध्ये थोडा गेरू मिसळला, की सह्याद्रीचा कातळ तयार. मग जवळजवळ कोरड्या ब्रशवर फिकट राखाडी रंग घेऊन कडांवरून हलकेच फिरवा. कंगोरे उठून दिसतात.

आणि झाडं? दिवाळीच्या सवयीने अळीव पेरायला जाल, तर हिशेब करा. ते पाच सेंटिमीटर उगवलं, की १:५,०००मध्ये झाडं झाली २५० मीटर उंच, जवळजवळ किल्ल्याएवढी! त्यापेक्षा हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला लाकडाचा भुसा भुरभुरवा. एखादं डेरेदार झाड हवं असेल तर मोहरीचा दाणा आहेच, तो होतो दहा मीटरचा. महाराज आणि मावळ्यांना मात्र सुट्टी द्यावी लागेल. या स्केलमध्ये माणूस एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, बॉलपेनचा ठिपकासुद्धा त्याच्यापेक्षा मोठा.

हौस वाढली तर पुढचा टप्पा म्हणून गडावरची एकच वास्तू मोठ्या स्केलमध्ये घ्या. दोन मनोरे आणि त्यांना जोडणारी कमान असलेली गडावरची मशीद १:१००मध्ये कार्डपेपरची झकास होते. मापं फोटोवरून काढता येतात. फोटोत एखादा मित्र उभा करा आणि त्याच्या उंचीच्या पटीत सगळं मोजा.

खोडदची कमी खर्चाची कमाल

बजेटवरून मन खट्टू होत असेल, तर नारायणगावजवळच्या खोडदला एक चक्कर टाका. तिथली ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण ३० अँटेनांची आहे, प्रत्येक अँटेनाची तबकडी ४५ मीटर व्यासाची. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या करायच्या तर वजन, वारा आणि खर्च, तिन्ही झेपणारे नव्हते. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शक्कल लढवली. सांगाड्यावर स्टीलचे दोर ताणायचे आणि त्यावर बारीक तारेची जाळी बांधायची. वारा आरपार जातो, वजन उतरतं आणि खर्चही. रेडिओ लहरी लांब असल्यामुळे त्यांना जाळीसुद्धा आरशासारखीच वाटते. पैसे कमी होते, म्हणून डोकं जास्त चाललं!

हिचं मॉडेल करायला खिडकीच्या डासांच्या जाळीचा तुकडा पुरतो. १:६००मध्ये तबकडी साडेसात सेंटिमीटरची. चहाची गाळणी अगदी त्याच मापाची मिळते, म्हणून मोह होतो. पण ती फार खोल असते. खरी तबकडी साधारण सात मीटरच खोल आहे, म्हणजे मॉडेलमध्ये सव्वा सेंटिमीटरसुद्धा नाही. जाळीचा गोल कापून एखाद्या उथळ ताटलीच्या पाठीवर दाबा, तो बरोबर बसेल. एकच तबकडी करा हं. ३० करून सगळ्या मापाच्या अंतरावर मांडायच्या म्हटल्या, तर खऱ्या २५ किलोमीटरच्या पसाऱ्यासाठी तुम्हाला ४० मीटरहून लांब जागा लागेल. एवढी जागा ऑफिसच्या फ्लोअरवर मिळेल, पण बॉसला कोण विचारणार?

पाण्याखालचं गाव

आता ते मॉडेल, ज्याचं किट जगात कुठेही मिळणार नाही.

आंबेगाव तालुक्याचं ठाणं घोडेगावला आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग आंबेगाव कुठेय? ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं, ते जुनं आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी हे एक. जलाशयाला नाव आहे याच तालुक्यातल्या हुतात्मा बाबू गेनूंचं. भीमाशंकरला जाताना गाडीच्या काचेतून आपण ते निळंशार पाणी बघतो, फोटो काढतो आणि पुढे जातो.

आजच्या नकाशावर तिथे निळा रंग आहे. धरणापूर्वीच्या जुन्या नकाशात दरी आणि गाव दिसतं. असे नकाशे कॉलेजच्या भूगोल विभागात विचारून बघण्यासारखे आहेत. दरीचे थर शिवनेरीसारखेच लावायचे, फक्त उलटे, आत उतरत जाणारे. घरांसाठी काडेपेटीची काडी घ्या. ती दोन मिलिमीटर जाड, म्हणजे १:५,०००मध्ये दहा मीटर. उभी चिरून दोन मिलिमीटरचे तुकडे केले, की घरं तयार. आणि पाणी म्हणून जुन्या फाइलचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद, जलाशयाच्या काठाच्या आकारात कापलेला.

पण कुठलं घर कुठे, हे नकाशा सांगत नाही. ते सांगणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या ऑफिसात, हॉस्टेलवर, सोसायटीत धरणाखाली गेलेल्या गावातलं कुणी ना कुणी नक्की निघेल. त्याच्या आजी-आजोबांसमोर हा अर्धवट पुठ्ठा ठेवा आणि मुठीत काड्या द्या. देऊळ कुठे होतं? शाळेला कुठून जायचात? पाणी भरायला कुठे? तोंडी विचारलं तर ‘होतं बाबा एक गाव’ एवढंच उत्तर मिळतं. समोर दरी असली, की बोट आपोआप जागेवर जातं. हे काम टाळलं तर पाच-दहा वर्षांनी विचारायला कुणी उरणार नाही, आणि ते कितीही पैसे टाकून मिळणार नाही.

काड्या बसल्या की वर प्लॅस्टिकचा कागद ठेवा. धरण भरलं. कागद उचला. गाव जागच्या जागी.

५०० रुपयांचं किट

* फुकट: पुठ्ठ्याची खोकी, जुनी वर्तमानपत्रं, नकाशा, सुताराकडचा भुसा, काडेपेटी.
* विकत: कटर आणि जादा पाती, स्टीलची पट्टी, फेव्हिकॉल, कार्बन पेपर, पोस्टर कलर, गेरू, पॉलिश पेपर, झेरॉक्स. थोडी घासाघीस केलीत तर पाचशेच्या नोटेत बसतं.
* कापताना पट्टी स्टीलचीच हवी, प्लॅस्टिकची पट्टी पातं खातं आणि मग बोट. पातं बोथट झालं की लगेच बदला. बोथट पातंच जास्त घात करतं.
* थर पूर्ण भरीव नकोत. आतून पोकळ ठेवा, फक्त वरच्या थराला टेकायला दोन सेंटिमीटर कड ठेवा. आतून निघालेल्या तुकड्यात आणखी वरचा, लहान थर होतो.
* शिवनेरी संरक्षित स्मारक आहे. मॉडेलसाठी तिथला दगड-माती आणायची नाही. फोटो हवे तेवढे आणा!