टीव्हीचे दिवस सरले का?

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर तिथले मराठा राजे सरफोजी यांनी १८०३ मध्ये आपल्या भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. मजकूर एक, वाचणारे असंख्य. टीव्हीचं तंत्रही तसंच. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाचा एकच सिग्नल लाखो छत्र्या झेलतात. प्रेक्षक वाढले तरी ओझं वाढत नाही. इंटरनेटवर मात्र सहसा प्रत्येक मोबाइलला स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो. म्हणूनच वादळाच्या बातम्या किंवा क्रिकेटचा सामना एकाच वेळी सगळ्यांपर्यंत पोचवायला टीव्ही आजही भक्कम आहे.

पण तंजावरी मराठीसारख्या मोजक्या घरांतल्या बोलीसाठी अख्खी वाहिनी चालवणं परवडत नाही. तिथं आजीची सांबाराची कृती तिच्याच बोलीत जगापुढे मांडायला एक मोबाइल पुरतो. टीव्ही सगळ्यांना एकत्र बसवतो, इंटरनेट एकेकाला बोलतं करतं. आपल्याला दोन्ही हवीत.